मुक्त पतनाचा संच: उपकरण चोख, माहितीपुस्तिका अर्धवट

पडणाऱ्या वस्तूनं किती अंतर कापलं ते सांगणारं सूत्र, एस बरोबर अर्धा जी टी वर्ग (एस म्हणजे अंतर, टी म्हणजे वेळ आणि जी म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे वेग वाढण्याचा दर), मुलांना तोंडपाठ असतं. हे खरं कशावरून, असं विचारलं की मात्र वर्ग गप्प. भौतिकशास्त्र शिकवताना मला ते फार सलायचं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेसाठी हा संच मागवून घेतला.

मोजपट्टी जोडलेला एक मीटर उंचीचा स्टँड, त्यावर वर-खाली सरकणारा विद्युतचुंबक, तळाशी गोळी आदळताच उघडणारी पट्टी, लहान-मोठ्या दोन पोलादी गोळ्या आणि मिलिसेकंद दाखवणारा टायमर, एवढं त्यात येतं. बटण दाबलं की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि टायमर सुरू होतो. गोळी पट्टीवर पडली की थांबतो. स्टॉपवॉचवर हे काम भागत नाही. मीटरभर पडायला गोळीला जेमतेम ०.४५ सेकंद लागतात आणि माणसाचं बोट हलायलाच ०.२ सेकंदांच्या आसपास जातात.

पैसे वसूल होतात ते एका साध्या प्रयोगात. गोळी आधी २० सेंमीवरून सोडायची, मग ८० सेंमीवरून सोडण्याआधी वेळ किती येईल ते मुलांना वहीत लिहायला लावायचं. अंतर चौपट म्हणून बरीच मुलं वेळही चौपट लिहितात. आमच्या टायमरवर आधी ०.२१२ आणि मग ०.४१४ सेकंद आले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सूत्रातला तो वर्ग कुठून आला, हे मग फळ्यावर वेगळं समजवावं लागत नाही. गॅलिलिओला हेच शोधायला गोळा उतरत्या खोबणीतून सोडावा लागला होता, म्हणजे पडणं सावकाश होईल. आणि वेळ त्यानं भांड्यातून गळलेलं पाणी तोलून मोजली. ही गोष्ट मी प्रयोगानंतर सांगते, तेव्हा मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात.

आता त्या ‘जवळजवळ’बद्दल. पुस्तिका म्हणते, एक मीटरवरून एकदा गोळी सोडा, वेळ सूत्रात घाला, ‘जी’ची किंमत मिळेल. तसं केलं तर आमच्याकडे ०.४६२ सेकंदांवरून जी ९.३७ येतो. ९.८ शिकलेल्या मुलाला वाटतं, सूत्रच चुकीचं असावं किंवा हवेनं अडवलं असावं. दोन्ही नाही. प्रवाह तुटला तरी चुंबकत्व क्षणात जात नाही, गोळी किंचित उशिरा सुटते आणि टायमर तोवर धावू लागलेला असतो. यावर पुस्तिकेत अवाक्षर नाही, याचा मला खरंच राग आला.

उपाय सोपा आहे. वेगवेगळ्या उंचींवरून वेळा घ्यायच्या आणि उभ्या अक्षावर अंतराचं वर्गमूळ, आडव्यावर वेळ असा आलेख काढायचा. रेषा सरळ येते, पण आरंभबिंदूतून जात नाही. वेळेच्या अक्षाला ०.०१ सेकंदाशी छेदते. तोच चुंबकाचा उशीर. तो सगळ्या वाचनांत सारखाच असल्यानं रेषेच्या चढात येत नाही. चढाचा वर्ग करून दुप्पट केली की आमचा जी ९.८ वर येतो. चुंबक आणि गोळी यांच्यामध्ये पातळ कागदाचा तुकडा ठेवला तर उशीर आणखी कमी होतो, तेही करून पाहा.

अंतर मोजताना गोळीच्या तळापासून पट्टीपर्यंत मोजायचं, मध्यापासून नाही. २० सेंमीवर अर्ध्या सेंटीमीटरची चूकही जी अडीच टक्क्यांनी हलवते.

दोन्ही गोळ्यांना वेळ सारखाच लागतो, ते छान दिसतं. हवेचा अडथळा दाखवायला मात्र हा संच कामाचा नाही, कारण चुंबक हलका प्लॅस्टिकचा चेंडू धरणार नाही. तळाच्या पट्टीची बिजागरी नाजूक आहे. मोठी गोळी सारखी कडेवर आदळली तर ती सैल होते, म्हणून आधी ओळंबा लावून स्टँड सरळ करा. घरी एकट्या मुलासाठी हा संच घ्यावा असं मी म्हणणार नाही. जिथे गटागटानं वाचनं घेऊन आलेख काढायला वेळ दिला जातो, अशा प्रयोगशाळेनं जरूर घ्यावा, आणि पुस्तिकेतलं ते पान बदलून आलेखाची कृती स्वतः लिहून चिकटवावी.