तापमान टिपणारी अंगठी की घामातले संप्रेरक मोजणारा संवेदक?

मासिक पाळीच्या चक्राचा मागोवा घेण्यासाठी बोटात घातली जाणारी अंगठी संप्रेरक (हार्मोन) मोजत नाही. ती रात्रभर त्वचेचे तापमान नोंदवते आणि बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीजांड बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते, त्यावरून बीजमोचनाचा अंदाज बांधते. वापरायला ती सोपी असली, तरी ही वाढ बीजमोचन होऊन गेल्यावरच दिसते आणि ताप किंवा मोडलेली झोप आलेख सहज बिघडवते.

घामाचा संवेदक थेट संप्रेरकापर्यंत पोहोचतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वेई गाओ यांच्या गटाने २०२३ मध्ये मांडलेल्या अशा संवेदकात सौम्य विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने घाम आणला जातो, आणि डीएनएच्या छोट्या धाग्याला, म्हणजे अ‍ॅप्टामरला, इस्ट्राडायोल हे स्त्री-संप्रेरक चिकटले की विद्युतसंकेत बदलतो. खरी अडचण प्रमाणाची आहे: घामात हे संप्रेरक अत्यल्प असते, शिवाय त्वचेचे तापमान व घामाची आम्लता लक्षात घेऊन प्रत्येक मापन दुरुस्त करावे लागते.

नियमित पाळी असलेल्या स्त्रीला आज अंगठी पुरेशी वाटू शकेल. परंतु पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममुळे जिची पाळी महिनोन्‌महिने लांबते, तिला अंदाजापेक्षा मोजमाप हवे, म्हणून संशोधनाचा अधिक भर संवेदकावर असावा, असे मला मनापासून वाटते.