केल्पच्या जंगलासाठी पाणबुडे की समुद्रतारे?

२०१३ पासून पसरलेल्या रोगाने उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ९० टक्क्यांहून अधिक सूर्यफूल समुद्रतारे (स्टारफिशची एक जात) मेले, आणि सागरी उष्णतेच्या लाटेची भर पडून, त्यांचे भक्ष्य असलेल्या जांभळ्या सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातील केल्प या मोठ्या समुद्री शैवालाची जंगले फस्त केली. पाणबुड्यांकरवी अर्चिन काढण्याचा परिणाम लवकर दिसतो. परंतु तो लहान पट्ट्यापुरताच राहतो, कारण उपाशी अर्चिन वर्षानुवर्षे तग धरतात आणि शेजारून पुन्हा येतात.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून चाललेले सूर्यफूल समुद्रताऱ्यांचे संगोपन मात्र संथ आहे, कारण अळ्या कित्येक आठवडे तरंगत राहतात आणि पिल्ले तर चक्क एकमेकांना खातात. तरीही माझा कल संगोपनाकडेच आहे, विशेषतः २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू रोगाचे कारण म्हणून ओळखला गेल्यापासून, कारण रोगाला तोंड देणारे तारे निवडणे आता शक्य कोटीतले वाटते. तोवर निवडक जागी पाणबुडे लागतीलच.