दादाची कॅसेट आणि पणजीतला इंडियन ओशन

आधीच सांगून टाकते. इंडियन ओशन हा बँड तुमच्या जवळपास कुठे वाजवायला येणार असेल तर तिकीट काढा. गाणी पाठ असोत नसोत, रॉक आवडो न आवडो, काढाच. मी गेल्या शनिवारी पणजीला जाऊन ऐकून आले आणि अजून ते कानांतून उतरलेलं नाही. सोमवारी वर्गात फळ्यावर पाढे लिहिताना खडूच ताल धरायला लागला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, चवथ तर कधीच झाली." चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी.

मी माशेलची. आमच्या घरात घुमट आहे, मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं आमचं गोव्याचं तालवाद्य. बाबा घुमट वाजवायचे, काका त्याच्या जोडीचं शामेळ, आणि आता आमच्या बायकांच्या पथकात घुमट माझ्याकडे असतं. हे सांगते ते एवढ्यासाठी की मला गिटारातलं काही कळत नाही. मी ऐकते ती ठेक्याच्या कानाने, आणि हा बँड माझ्या मनात बसला तोही ठेक्यामुळेच.

२००१ ची चवथ. दादा पुण्याला इंजिनीअरिंगला होता. सुट्टीला येताना तो 'कांदीसा'ची कॅसेट घेऊन आला. अल्बम आदल्याच वर्षी निघाला होता. आरत्या संपल्या होत्या, प्रसाद वाटून झाला होता, जेवणाची पानं मांडायची होती, आणि दादाने वसरीतल्या टेपवर ती कॅसेट लावली. काका एका कोपऱ्यात शामेळ कापडात गुंडाळत होते. 'मा रेवा' सुरू झालं आणि त्यांचा हात थांबला.

"कोणाचं भजन रे हे?"

"भजन नाही काका, बँड आहे. दिल्लीचा."

काकांनी ते गाणं तीनदा लावायला लावलं. त्या रात्री जेवायला अकरा वाजले. पुढे ती कॅसेट आमच्या आरत्यांच्या कॅसेटच्या डब्यातच राहायला लागली, आणि कोणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

ज्यांना हे गाणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ते नर्मदेच्या खोऱ्यातलं आहे. बँडचे बेस वाजवणारे राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिले. तिथून हे गाणं बँडमध्ये आलं. आमच्या आत्याने नर्मदेची परिक्रमा केली आहे. तिला मी हे ऐकवलं तेव्हा तिने आधी हात जोडले आणि मग विचारलं, कोण आहेत ही मुलं?

दादाने त्यांना २००३ मध्ये पुण्यात प्रत्यक्ष ऐकलं होतं. त्या रात्रीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटावं. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसलेले, समोर तबला, तोंडाशी माइक, गाणंही तेच आणि ताल पण तोच माणूस धरतोय. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. दादाने त्यानंतर त्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाला जायचं नाव काढलं नाही. मुंबईत नोकरीला होता, दोनदा संधी आली, गेला नाही. २०१३ मध्ये गिटार वाजवणारे सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडले, तेव्हा तर तो म्हणाला, "१९९० मध्ये ज्या दोघांनी हा बँड उभा केला ते दोघेही नाहीत. आता नाव तेवढं राहिलं."

मला हे पटत नव्हतं, पण खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण मी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकलंच नव्हतं. पणजीची जाहिरात पाहिली आणि दादाला न विचारता दोन तिकिटं काढली. उभं राहून ऐकायची, बाराशे रुपयांना एक. तिकिटं हातात पडल्यावर त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "गाडी मी चालवीन."

माशेलहून साडेपाचला निघालो. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, सव्वासहाला पणजी. पुढची पंचेचाळीस मिनिटं गाडी लावायला जागा शोधण्यात गेली. पार्किंगची सोय आहे असं तिकिटावर छापलं होतं. प्रत्यक्षात तिथे दोरी बांधून पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. दारावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत तेच पाणी पन्नास रुपयांना. एवढ्या लोकांना उभं करून पाणी विकत घ्यायला लावणं मला अजिबात आवडलं नाही. आतल्या गाड्यावरचं रस ऑम्लेट मात्र झकास होतं. रस चांगला झणझणीत, पाव मऊ.

आता खरी तक्रार. तिकिटावर सातची वेळ होती. बँड मंचावर आला आठ वाजून पाच मिनिटांनी. मधल्या वेळात तीन भाषणं, शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, आणि मग रेकॉर्ड केलेलं संगीत दणदणत राहिलं. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. हा नियम देशभर २००० सालापासून आहे, गोव्यात तर कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ असतो. म्हणजे सुरुवातीला गेलेली पासष्ट मिनिटं शेवटी परत मिळणार नव्हती, हे आयोजकांना आधीच माहीत होतं. बँड तयार, लोक तयार, आणि त्यांच्या वाट्याचा वेळ शालींनी खाल्ला. तो वेळ भरायचाच होता तर एखादं घुमट पथक तरी बोलवायचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, आणि आज ज्यांना ऐकायला लोक आले होते त्यांचा सगळा जीव चामड्यात आणि मातीत. दहा मिनिटांची सुवारी, म्हणजे घुमट-शामेळांचं एकत्र वादन, वाजली असती तर लोक भाषणं विसरले असते.

पहिल्या दोन गाण्यांना आवाज बरोबर नव्हता. आम्ही मंचाजवळ डाव्या बाजूला उभे होतो. बेस छातीत घुसत होता आणि तबला दिसत होता, ऐकू येत नव्हता. दादाची हाताची घडी होती. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, संपलं, आता हा घरी जाऊन म्हणणार, सांगितलं होतं ना. मग मी त्याला ओढत मागे नेलं, जिथे आवाजाचं टेबल मांडून तो तंत्रज्ञ बसतो तिथे. त्याच्यामागे दोन पावलांवर उभे राहिलो आणि सगळं जागच्या जागी आलं. त्याला जे ऐकू येतं तेच तो बरोबर करत असतो, त्यामुळे उघड्यावरच्या कार्यक्रमात ती जागा सोडू नये. तिसऱ्या गाण्यापासून पुढेही आवाज सुधारला असावा, पण आम्ही काही हललो नाही.

आणि मग अमित किलम ड्रम सोडून पुढे आले, हातात गबगुबी.

हे वाद्य मी आजवर फक्त कॅसेटवर ऐकलं होतं. कॅसेटवर ते कुठल्यातरी प्राण्याच्या आवाजासारखं वाटतं. बंगालच्या बाउल गायकांचं हे वाद्य, त्याला खमकही म्हणतात. काखेत दाबून धरलेलं लहानसं लाकडी भांडं, एका तोंडाला चामडं, चामड्यातून निघालेली तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मूठ. तार छेडायची आणि मूठ ओढायची, सैल सोडायची, परत ओढायची. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांकडे चौंडकं असतं ना, त्याचाच हा भाऊ. मंचाशेजारच्या मोठ्या पडद्यावर त्यांची मूठ दिसत होती. ती फार तर दोन बोटं पुढे-मागे होत होती आणि तेवढ्या अंतरात सूर बोलत होता, विचारत होता, हसत होता. घुमटाचं मागचं तोंड आम्ही डाव्या हाताने झाकतो-उघडतो तेव्हा आवाज असाच वळतो. माझा डावा हात नकळत पोटाशी गेला. दादाने ते पाहिलं. त्याच्या हाताची घडी तिथे सुटली.

आता बँडबद्दल, कारण दादाचा प्रश्न मी सोबत घेऊनच गेले होते. राहुल राम १९९१ पासून आहेत, अमित किलम १९९४ पासून. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी, गिटारवर निखिल राव. तिघेही मागाहून आलेले. जुन्या गाण्यांत मी मुद्दाम तबल्याकडे कान लावून बसले. तुहीन असीमदांसारखं वाजवायला जात नाहीत. त्यांचा हात हलका आहे, बोल सुटे पडतात, आणि ड्रम जोरात आले की ते थांबतात, भांडत नाहीत. हिमांशू यांचा आवाज वरच्या सुरात मोकळा फिरतो, शास्त्रीय बैठकीचा आहे हे कळतं. निखिल राव यांची गिटार सुस्मित सेन यांच्यापेक्षा धारदार आहे. मला काही जागी जुना मऊपणा आठवला, हे खोटं नाही. विशेषतः 'कांदीसा'च्या सुरुवातीला.

पण 'कांदीसा'ची गोष्ट वेगळीच झाली. हे गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचं जुनं स्तोत्र, भाषा अरामी. कांदीसा म्हणजे पवित्र. आमच्या शेजारी एक साठीच्या आंटी होत्या, मुलीबरोबर आलेल्या, बँड त्यांना माहीत नव्हता. मी त्यांना अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "अगो, मिसेला आम्ही पण हेच म्हणतो. आमच्या कोंकणीतून." आणि शेवटी सगळं मैदान त्या एका शब्दावर आलं तेव्हा आंटी डोळे मिटून गात होत्या, त्यांच्या मुलीने त्यांचा हात धरला होता, आणि माझा आवाज बसला होता तरी मी गात होते. हजारभर माणसं, त्यातल्या कोणाचीच ती भाषा नाही. वाद्यं हळूहळू कमी होत गेली आणि लोक थांबेनात.

'मा रेवा'ला मागून कोणीतरी ओरडलं, "नर्मदे हर!" आणि चार-पाच ठिकाणांहून उत्तर आलं, "हर!" परिक्रमा केलेले लोक असणार. लय वाढत गेली तशी ती थेट आमच्या आरतीसारखी चढली. कडवं संपलं की घुमटं जशी मोकळी सुटतात, गाणारे दम घेतात आणि वाजवणारे धावतात, अगदी तसं. काका असते तर? ते २०१६ ला गेले. त्यांचं शामेळ आता माझा चुलतभाऊ वाजवतो. पहिल्या वर्षी त्याने हुबेहूब काकांसारखं वाजवायचा प्रयत्न केला आणि आम्हा सगळ्यांचा ठेका चुकत राहिला. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःचं वाजवलं तेव्हा आरती रांगेला लागली.

नवी गाणीही वाजली, २०२३ च्या 'तू है' या अल्बममधली. त्याआधीचा 'तांदनू' २०१४ चा, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली. नव्या गाण्यांना बरेच लोक खायला-प्यायला उठून गेले. असं करू नका. तुहीन, हिमांशू आणि निखिल या तिघांचा स्वतःचा हात त्या गाण्यांत सर्वांत मोकळा लागतो. तिथे त्यांच्या डोक्यावर कोणाची आठवण नाही. मला तर त्या रात्री निखिल राव यांची गिटार खरी कळली ती नव्या गाण्यातच.

पावणेदहाला 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटातलं 'बंदे' सुरू झालं. शब्द पीयूष मिश्रांचे. तरुण पोरं त्याचीच वाट पाहत होती, कॉलेजातली असतील, हे गाणं आलं तेव्हा ती शिशुवर्गातही नसतील. सगळ्यांना शब्द न् शब्द पाठ. त्या गर्दीत दादा, पन्नाशीला टेकलेला माणूस, दोन्ही हात वर करून गात होता. मी त्याला असं आमच्या देवळाच्या पालखीपुढे सोडून कुठे पाहिलेलं नाही. आणि दहाला पाच मिनिटं असताना मंचावरचे दिवे गेले. बँडने हात जोडले, लोक "आणखी एक" म्हणत राहिले, पण घड्याळापुढे इलाज नव्हता. 'हिल्ले ले' राहूनच गेलं. त्या पासष्ट मिनिटांचा राग मला तेव्हा पुन्हा आला आणि तो अजून आहे.

येताना रायबंदरपर्यंत दादा गप्प. मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे मागे पडले. जुने गोवे सोडल्यावर म्हणाला, "तबल्याला जागा ठेवलीय गो त्यांनी."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे असीमदा जिथे यायचे तिथे बाकीचे अजून थांबतात. भरून काढत नाहीत. तो पोरगा येतो, त्याचं वाजवतो, जातो. मी एवढी वर्षं उगाच घरी बसलो."

घरी पोचलो तेव्हा वहिनी जागी होती. दादाने तिला दारातच गबगुबी कशी धरतात ते चप्पल काखेत घेऊन दाखवलं. पुढच्या वेळी ते गोव्यात आले की चार तिकिटं काढायची आहेत. वहिनी येते म्हणाली, आणि चुलतभावाला मी सांगून ठेवलंय.