पाचवीला गावातच ठेवायचं की तालुक्याला घालायचं?

एप्रिल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात चौथीच्या पालकांच्या चकरा सुरू होतात. "मॅडम, दाखला कधी मिळंल?" विचारतात दाखल्याचं, पण खरा प्रश्न वेगळाच असतो: नेऊ का नको?

आधीच सांगून टाकते, मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. पट घटला की शिक्षकाचं पद जातं, तेव्हा तुमचं मूल आमच्याकडे राहावं यात माझा स्वार्थ आहेच. पण मी दोन्ही करून बघितलंय. थोरल्याला पाचवीलाच चौदा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या हायस्कूलला घातलं. दोन वर्षांनी धाकटीची वेळ आली तेव्हा तिची पाचवी गावातच केली आणि सहावीला तिकडे पाठवली.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो दिवसात. थोरला साडेनऊच्या एसटीने जायचा, पाचला शाळा सुटायची, सहाची गाडी कधी साडेसहाला यायची, घरी सात. दहा वर्षांचं पोर जेवतानाच पेंगायचं. गृहपाठ उरायचा रविवारवर. धाकटी त्याच वयात साडेपाचला घरी येऊन, चहा-चपाती खाऊन, अंगणात लंगडी खेळून मग अभ्यासाला बसायची. शाळांची तुलना करताना आपण इमारत बघतो, निकाल बघतो, पण हे दीड-दोन तास कुणी मोजत नाही.

दुसरा फरक शिकवण्याचा. प्राथमिकला एकच बाई किंवा गुरुजी दिवसभर असतात. कुणाचं फळ्यावरचं उतरवून झालं नाही हे त्यांना दिसतं, ते थांबतात. हायस्कूलला दर तासाला सर बदलतात. पहिल्याच महिन्यात थोरल्याची विज्ञानाची वही उघडली, तर वनस्पतीच्या भागांखाली सरळ इतिहास सुरू झालेला! बेल झाली, नवे सर आले, याचं आधीचं उतरवून झालं नव्हतं, आणि वही बदलायची हिंमत झाली नाही. साठ मुलांच्या तुकडीत सरांना ते कसं दिसणार? त्यांचा दोष नाही. पण दिवाळीपर्यंत त्याच्या सगळ्या वह्या अशाच खिचडी झाल्या होत्या.

आता हायस्कूलची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. तिथे हिंदीला हिंदीचे शिक्षक, विज्ञानाला प्रयोगशाळा, मोठं मैदान, कबड्डीचा संघ. सेमीची तुकडी असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतून. आमच्यासारख्या छोट्या शाळेत सात मुलांचा कबड्डी संघ सोडा, दोन डावही नीट बनत नाहीत. आणि आमची सगळ्यात दुखरी जागा म्हणजे जोडवर्ग. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असतील, तर एक गुरुजी चौथीला भागाकार देऊन पाचवीकडे वळतात आणि पाचवीला अपूर्णांक देऊन पुन्हा चौथीकडे. म्हणून गावातल्या शाळेत गेलात तर रंगरंगोटी बघू नका, एवढंच विचारा: पाचवीबरोबर आणखी किती वर्ग बसतात? एकच वर्ग जोडलेला असेल तर चालतं. तीन असतील तर मी स्वतः सांगेन, घेऊन जा.

खर्चात फारसा फरक नाही. अनुदानित हायस्कूललाही आठवीपर्यंत पुस्तकं मोफत आणि दुपारचा आहार मिळतो. सरकारी गणवेश मात्र आमच्याकडे, तिकडे स्वतः शिवायचा. एसटीचा पास मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना फार उशिरा कळते. नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, सहावीची प्रवेश परीक्षा मूल पाचवीत असताना होते, आणि ती एकदाच देता येते. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्या कोट्यात बसायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. तालुक्याचं हायस्कूल नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल, तर पाचवीला तिथे नाव घालताच मूल शहरी धरलं जातं. चार वर्षं गावात शिकलं हे मग कुणी विचारत नाही. थोरल्याच्या वेळी मला, शिक्षिका असून, हे अर्ज भरताना कळलं. पोराला नवोदयला बसवायचा विचार जरी मनात असेल तरी पाचवी गावातच करा.

आणखी एक नवं ओझं: 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही गेलं तर त्याच वर्गात. नवी शाळा, नवे शिक्षक, एसटी आणि आयुष्यातली पहिली अशी परीक्षा, सगळं एकाच वर्षात अंगावर घ्यायचं का, हे मूल बघून ठरवा. काही पोरं एवढी धीट असतात की त्यांना अडवणंच चूक.

धाकटीच्या निर्णयाची किंमतही सांगायला हवी. हायस्कूलच्या तुकड्या पाचवीलाच भरतात, सहावीला रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. तिला प्रवेश मिळाला, सेमीत नाही मिळाला. अजूनही ती त्यावरून मला टोमणे मारते. तेव्हा सेमी हवंच असेल तर आधीच्या वर्षीच हायस्कूलच्या कार्यालयात जाऊन सहावीला जागा राहते का ते विचारून या. शिपायाला नाही, क्लार्कला विचारा.

तरी माझं मत विचाराल तर पाचवी गावात, सहावी बाहेर. वर सांगितलेला तीन वर्गांचा जोडवर्ग आणि सेमीचा हट्ट, हे दोन अपवाद सोडून.

दाखला केव्हाही न्या, पण हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जात. दहावीच्या वेळी दुरुस्तीसाठी पळणारे पालक मी दरवर्षी बघते. आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत कुणी प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

धाकटीला सहावी सोपी गेली, यात तिचं एक वर्ष वाढलेलं वय होतं तसा भावाचाही वाटा होता, हे कबूल करायला हवं. पहिल्या दिवशी त्यानेच तिला दाखवलं, पिण्याच्या पाण्याची टाकी कुठली, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, परतीची गाडी कुठे लागते. आणि आदल्या रात्री तिच्या प्रत्येक वहीला वेगळ्या रंगाचं कव्हर घालून दिलं, विज्ञानाला हिरवं, इतिहासाला पिवळं.