पैदाशीपूर्वी कुत्र्यांची जनुकीय तपासणी: पुण्यातील एका संकलन सेवेचा अनुभव

आमचा आधीचा लॅब्रॅडॉर सहाव्या वर्षी आंधळा झाला. सुरुवातीला तो दिवेलागणीच्या वेळी जिन्याच्या पायरीवर घुटमळत असे, आणि वर्षभरात भर दुपारीही दाराच्या चौकटीला धडकू लागला. दृष्टिपटल हळूहळू झिजवणारा हा आनुवंशिक आजार आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय होत नाही, आणि त्यासाठी कारणीभूत असलेला पीआरसीडी जनुकातील बदल २००६ सालीच शोधला गेला होता. म्हणूनच आताच्या मैना या लॅब्रॅडॉर मादीला एक वेत होऊ द्यायचे ठरले, तेव्हा नर पाहण्यापूर्वी तिची तपासणी करून घेण्याचे आम्ही निश्चित केले. ज्या सेवेमार्फत ती केली तिच्याबद्दल हे लिहीत आहे. काही तक्रारी असल्याने नाव देत नाही. ही सेवा स्वतः तपासणी करत नाही, तर नमुने गोळा करून परदेशातील प्रयोगशाळेकडे पाठवते.

नमुना घेण्याची सोय चांगली आहे. घरी आलेल्या पाकिटात गालाच्या आतल्या बाजूला फिरवायच्या दोन कांड्या होत्या आणि सूचनापत्र मराठीत होते. नमुन्यापूर्वी तासभर काही खायला देऊ नये, घरात दुसरे कुत्रे असल्यास एका भांड्यात पाणी पिऊ देऊ नये, आणि कांडी हवेत वाळवूनच पाकिटात घालावी, या तिन्ही गोष्टी त्यात ठळकपणे सांगितल्या होत्या. दुसऱ्या कुत्र्याची लाळ मिसळली तर निकाल बिघडतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मैनेने पहिली कांडी चावून तिचे दोन तुकडे केले, तेव्हा सेवेने दुसरी विनामूल्य पाठवली.

विक्रीची पद्धत मात्र खटकली. दूरध्वनीवरील प्रतिनिधी दोनशेहून अधिक आजारांच्या मोठ्या संचाचा आग्रह धरत होते, पण त्यातील बरेच आजार लॅब्रॅडॉरमध्ये सहसा आढळतच नाहीत. या जातीसाठी खरोखर विचारायला हवेत असे मोजकेच: वर सांगितलेला डोळ्यांचा आजार, जोराने पळापळ केल्यावर पाच ते वीस मिनिटांत मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी, ज्याचा डीएनएम-१ जनुकाशी असलेला संबंध २००८ साली प्रसिद्ध झाला, पिल्लूपणीच स्नायू दुर्बळ करणारा सीएनएम, नाकावर कोरडी खपली आणणारा एचएनपीके, आणि पाय आखूड ठेवणारा बुटकेपणाचा एक प्रकार. आम्ही एवढाच संच घेतला, आणि मैना व नर अशा जोडीच्या तपासणीचा खर्च एका पिल्लाच्या विक्रीकिमतीहून कमी भरला.

मैना ईआयसीची वाहक निघाली, म्हणजे तिच्यात त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष होती; बाकी सर्व बाबतींत ती मुक्त. अहवालात ‘वाहक’ एवढाच शब्द होता, आणि विचारणा केली तर ‘मग पैदास करू नका’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर चुकीचे आहे, आणि अशा सेवेकडून ते यावे ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. वाहक कुत्र्याला स्वतःला या आजाराचा त्रास होत नाही; त्याचे मीलन मुक्त जोडीदाराशी केले तर एकही पिल्लू बाधित निघत नाही, फक्त सरासरीने निम्मी पिल्ले वाहक होतात. दोन वाहक एकत्र आले तरच प्रत्येक पिल्लू बाधित असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक म्हणून चांगली जनावरे सरसकट बाद करत गेलो, तर जातीतील जनुकीय वैविध्य आटते आणि एका दोषाच्या जागी दुसराच डोके वर काढतो.

दुसरी तक्रार वेळेची. तीन आठवड्यांत मिळणार असे सांगितलेला अहवाल सातव्या आठवड्यात आला, आणि तोवर मैनेचा माज येऊन गेला होता. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी एकदाच माजावर येते, त्यामुळे महिन्याभराच्या दिरंगाईने अर्धे वर्ष गेले. तिसरी गोष्ट ओळखीची: नाशिकच्या एका नराच्या मालकांनी दाखवलेल्या जुन्या अहवालावर मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) पंधरा अंकी क्रमांकच नव्हता, म्हणजे तो अहवाल त्याच नराचा आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग नव्हता. आमच्या अहवालावर क्रमांक होता, पण एक अंक चुकीचा छापला होता. दुरुस्ती मिळाली, तीही चार वेळा कळवल्यावर.

शिवाय या तपासणीतून खुब्याच्या सांध्याचा दोष कळत नाही. त्याला एकच जनुक जबाबदार नसल्याने क्ष-किरण चित्रच काढावे लागते, आणि तेही वाढ पूर्ण झाल्यावर. आम्ही मैनेचे ते वयाच्या दोन वर्षांनंतर काढून घेतले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार दीड वर्षाखालील मादीची पैदास करता येत नाहीच, त्यामुळे थांबण्याने काही बिघडतही नाही.

नमुना संकलनाला पाच, वेळेला दोन आणि समुपदेशनाला एक गुण देईन. तरीही मी पुन्हा याच सेवेकडे गेलो, कारण प्रयोगशाळेच्या कामात मला खोट आढळली नाही. फरक एवढाच की या खेपेस नराचा नमुना पशुवैद्यांनी चिप तपासून स्वतः घेतला, आणि मैनेच्या पुढच्या माजाला अजून चार महिने असतानाच तो रवाना झाला आहे.