बातमी पारखायच्या नऊ कसोट्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

रिचर्ड पॉल आणि लिंडा एल्डर या अमेरिकी अभ्यासकांनी कुठलाही विचार पारखण्यासाठी नऊ कसोट्या मांडल्या आहेत: स्पष्टता, खरेपणा, नेमकेपणा, संबद्धता, खोली, व्याप्ती, तर्क, महत्त्व आणि न्याय्यता. गेले काही महिने मी त्या रोजच्या पेपरला लावतो आहे. नऊच्या नऊ रोज लावणं होत नाही, पण तीन-चार अंगवळणी पडल्या.

सगळ्यात उपयोगी पडला तो नेमकेपणा. पावसाच्या अंदाजाची बातमी आपल्याकडे बियाणं, पीककर्ज, पेरणी यांचा हिशेब मांडत वाचली जाते, म्हणून सरावाला मी २०२३ चा अंदाज घेतला. त्या वर्षी ११ एप्रिलला हवामान विभागाने देशात सरासरीच्या ९६ टक्के, म्हणजे सामान्य पाऊस सांगितला. ‘पाऊस सामान्य’ एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. पण त्याच अंदाजात पाच टक्के कमी-जास्तीची मुभा होती. म्हणजे आकडा ९१ ते १०१ मध्ये कुठेही पडू शकत होता, आणि ९६ च्या खाली गेला की वर्गवारी बदलते. आपल्याकडचा पाऊस कमी करू शकणाऱ्या एल निनोची शक्यताही त्यात नोंदवलेली होती. प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस झाला, म्हणजे अंदाज मुभेच्या आतच राहिला. ज्या बातमीने ती मुभा गाळली, तिच्या वाचकाला मात्र तो फसलेला वाटला.

व्याप्तीची कसोटी इथेच लावावी. ९४ टक्के हा चार महिन्यांचा आणि सगळ्या देशाचा आकडा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोयाबीन शेंगा भरताना कोरडं गेलं, तर चार महिन्यांची सरासरी काय कामाची? तेव्हापासून टक्केवारी दिसली की मी आधी विचारतो: कुठल्या भागाची, किती काळाची, कशाच्या तुलनेत?

आरोग्याच्या बातम्यांत तर्काची कसोटी चोख चालते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं, आणि दोन्ही सारखेच घातक असा अर्थ लावला गेला. तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही.

खरेपणाच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. बातमी कितीही बारकाईने वाचली तरी ती खरी आहे का हे तिच्यातून कळत नाही. मूळ पत्रक, शासन निर्णय किंवा निकालपत्र उघडावंच लागतं. ते कुठे शोधायचं हे कसोट्या सांगत नाहीत. न्याय्यतेचंही अवघड आहे. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की बातमी न्याय्य झाली, असं मी मानत नाही. एका बाजूकडे कागद आणि दुसरीकडे नुसता इन्कार असेल तर सारखी जागा हाच अन्याय आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने नऊचा तक्ता भिंतीवर लावू नये. आठवड्याला एकच बातमी घ्यावी, जिच्यावर आपला पैसा, पीक किंवा मत अवलंबून आहे अशी. आधी नेमकेपणा, मग व्याप्ती, आणि मूळ कागद हाती आल्यावर खरेपणा. आपल्या आवडत्या पक्षाच्या बाजूची बातमीही त्यात आलीच पाहिजे.