भाडं तारखेला येत होतं, तरी फसलो

पहिल्यांदाच घर भाड्याने देत होतो, त्यामुळे डोक्यात एकच भीती, भाडेकरू भाडं बुडवेल. बाकी कुठून काय होऊ शकतं याचा विचारच नव्हता केला.

जाहिरात टाकल्यावर काय काय फोन आले! एकाला घर न बघताच फायनल करायचं होतं, एक म्हणे मी जास्तीचा चेक पाठवतो वरचे पैसे सामानवाल्याला द्या (जुना डाव आहे, चेकची रक्कम खात्यात दिसते, आपण वरचे पैसे देऊन मोकळे आणि मग चेक बाऊन्स). यांना कटवलं आणि स्वतःवरच खूश झालो.

मग हा आला. एकदम सभ्य. म्हणाला मी स्वतः राहणार नाही, कंपन्यांच्या स्टाफची सोय बघतो, घर रिकामं असलं तरी तुमचं भाडं येणार, रिपेअरिंगचं टेन्शन पण माझं. घासाघीस अजिबात केली नाही, तिथेच खटकायला हवं होतं खरं तर. अ‍ॅग्रीमेंट त्यानेच बनवून आणलं, त्यात इतरांना राहायला देण्याचा अधिकार अशी एक ओळ होती, मला वाटलं स्टाफसाठी असेल. वर कंपनीच्या फाइलला लागतात म्हणून लाइट बिल आणि मालकीच्या कागदांच्या झेरॉक्स मागितल्या, त्याही दिल्या.

3 महिने भाडं तारखेला. चौथ्या महिन्यात फोन बंद. गेलो तर दार एका बाईंनी उघडलं, कोण पाहिजे? म्हटलं मी मालक. तर म्हणाल्या, मालकांना आम्ही ओळखतो, आणि आतून पावती आणून दाखवली. भाडं नावालाच, डिपॉझिट भरमसाट, सगळं त्याला रोख दिलेलं, सोबत माझ्याच कागदांच्या झेरॉक्स, फक्त नाव बदललेलं. आतल्या खोलीत दुसरंच कुटुंब, त्यांच्याकडेही सेम पावती. म्हणजे मला जे भाडं येत होतं ते यांच्याच पैशातून!

मी तर कुलूपच बदलायला निघालो होतो, वकिलांनी अडवलं, म्हणाले कुलूप, लाइट, पाणी कशालाही हात लावू नका, उलट तुमच्यावरच केस होईल. शेवटी त्या दोन्ही कुटुंबांना सोबत घेऊनच पोलिसात तक्रार दिली, त्यांच्या पावत्या आणि माझे बँकेचे एंट्रीवाले कागद एकत्र लावून.

तुम्ही देत असाल तर जो खरंच राहणार आहे त्याला समोर बसवून बोला, पोटभाडेकरू चालणार नाही हे स्पष्ट लिहून घ्या, आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर मजकुरावरूनच आडवं लिहा कोणाला, कशासाठी, तारीख. कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो.

त्या बाई अजून तिथेच आहेत. नळ गळला की आता फोन मला करतात.